विठूनं पाठवलेला काटा

एसटीनं जायचं की आपल्या मोटारनं, एवढाच काय तो प्रश्न होता. असल्या प्रश्नाचं उत्तर शहाण्या नवऱ्यानं बायकोवर सोपवावं आणि आपण पान लावत बसावं. मी ते स्वतः दिलं. (लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तरी अशी उत्तरं द्यायची माझी हौस काही फिटली नव्हती.)

झालं होतं असं की शहाऐंशी सालच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या मालनला तिच्या धाकट्या भावाचं हवाई पत्र आलं. हा विठू बोटीवर इंजिन फिटर. मालननं त्याला लहानपणी कडेवर घेऊन सगळं आंजर्लं पालथं घातलेलं, आणि आता चार वर्षांत बहीणभावाची साधी गाठ नव्हती. रजा मिळायची ती कधी शिमग्याला, कधी भर पावसात, तीही आठ दिवसांची, आणि नेमकं कुणीतरी आजारी तरी असायचं नाहीतर होड्या तरी बंद असायच्या. भाऊबीजेला तर तो हटकून कुठल्यातरी समुद्रात असायचा. अशा सात भाऊबीजा कोरड्या गेल्या होत्या.

पत्रात एवढंच होतं: 'बोट मुंबईला लागते आहे. पाडव्याला आंजर्ल्यात आईकडे येतो. भाऊबीजेला दुपारी हर्णैहून दोनच्या गाडीने परत. त्यापेक्षा जास्त सुटी नाही. आक्का, ये.'

मालननं ते पत्र इतक्यांदा उघडलं आणि मिटलं की घड्यांवर फाटून त्याचे तीन तुकडे झाले. मग तिनं ते भाताच्या पेजेनं चिकटवलं आणि पुन्हा वाचलं.

ज्या बाईचा भाऊ भाऊबीजेला येत नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. सात वर्षं मालन संध्याकाळी मागच्या परसात ताट घेऊन उभी राहायची. बीजेची कोर ती केवढी, नखाएवढी, आणि तीही शेजाऱ्यांच्या माडांमागं. ती दिसेपर्यंत निरांजन दोनदा विझायचं. मी मागच्या दारात उभा असायचो. त्या कोरीकडं बघताना मालनच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते माझ्याकडं बघताना एकदा तरी यावं, असं मला फार फार वाटायचं. (चंद्राचा मत्सर करणारा रत्नागिरीतला मी एकटाच हेडक्लार्क असेन.)

तर सरळ मार्ग असा होता की पाडव्याला सकाळच्या एसटीनं निघावं, संध्याकाळी आंजर्लं गाठावं, बहीणभावांनी पोटभर बोलावं आणि दुसऱ्या दिवशी ओवाळणं व्हावं. पण पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. वर्षातून तेवढा एक दिवस ताट माझ्यापुढं येतं. ते आंजर्ल्यात सासूबाईंच्या ओटीवर, विठूच्या गडबडीत उरकलं जाणार, हे मला सोसेना.

"पाडवा घरी करू," मी म्हणालो. "भाऊबीजेला पहाटे पाचला आपल्या मोटारनं निघू. अकराला हर्णैपाशी खाडीवर. होडीनं पलीकडं गेलं की घर. दोन तास तरी मिळतील."

"पोचू ना ओ नक्की?"

"अगं, मोटार आहे आपली!"

ही मोटार मी दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली होती. वयानं माझ्यापेक्षा थोडी लहान, पण दम मात्र मला कमी लागायचा. गावातल्या गावात चालायची. बाजार, कचेरी, भगवती बंदर, आणि रविवारी रावजी मेस्त्रीचं गॅरेज.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला वाटलं, विठूला खूश करावं. मोटार घेतली तेव्हा मी त्याला मोठ्या ऐटीत पत्र लिहिलं होतं, आणि त्यानं जपानहून पार्सलात साबण, नायलॉनचं पातळ आणि एक यंत्र पाठवलं होतं. काळं गोल तबक, त्यावर पांढरे आकडे, शून्यापासून सत्तरपर्यंत, मधे हिरवा पट्टा, आणि सोबत वायरला बांधलेली पितळेची एक बोंडी. इंधनाचा दाब मोजायचा काटा. दोन वर्षं तो आमच्या शोकेसमध्ये बाहुलीशेजारी होता. मालन दर शुक्रवारी तो पदरानं पुसायची. तिच्या लेखी ते यंत्र नव्हतंच, विठूच होता. (माझा फोटो त्याच शोकेसमध्ये होता. तो दिवाळीला पुसला जाई.)

"काटा गाडीला बसवून घेतो," मी म्हणालो. "विठू बघेल तेव्हा केवढा हरखेल!"

मालन करंज्या तळत होती. झारा हातात तसाच धरून तिनं विचारलं, "पण ते चालतं कसं?"

बायकोनं असं काही विचारण्याचा प्रसंग मला वर्षातून एकदा येतो. मी पाटच ओढून बसलो. "हे बघ, टाकीतलं पेट्रोल पंप ओढतो आणि इंजिनाकडं ढकलतो. ढकलण्यात जोर किती, हे कळायला वाटेतल्या नळीवर ही बोंडी बसवायची. हिच्या पोटात पातळ पडदा आहे. पेट्रोल एका बाजूनं दाबतं, तसा तो पलीकडं फुगतो. तुझी पुरी फुगते तसा. फुगला की त्याला लागलेली काडी तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. जेवढी सरकेल तशी वीज कमीजास्त होते, आणि त्या विजेवर इथं आपल्यापुढं काटा हलतो. पेट्रोल तिकडंच राहतं, निरोप तेवढा आत येतो."

"म्हंजे पत्रासारखंच," मालन म्हणाली. "माणूस तिकडंच, निरोप तेवढा येतो."

 तेवढ्यात करंजी करपली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रावजी मेस्त्रीनं काटा बसवला. इंजिन सुरू केलं. काटा शून्यावर. इंजिन रेस केलं. काटा केसभर थरथरला आणि पुन्हा शून्यावर आडवा.

"दाब नाही!" मी ओरडलो.

रावजीनं विडी कानावर खोचली. "सायेब, गाडी चालू हाय ना?"

"हाय. म्हणजे आहे."

"दाब नसता तर चालली असती काय? मग काट्याला इचारताय कशाला? काढून टाका त्याला."

"जपानी काटा आहे हा, रावजी."

"आसंल. गाडी रत्नांग्रीची हाय."

मालन मागच्या सीटवर बसून ऐकत होती. ती पुढं वाकून शांतपणे म्हणाली, "विठूनं पाठवलंय ते. ते खोटं सांगंल?"

 रावजीनं पंप उतरवला, आतला पडदा नवा टाकला, नळ्या फुंकल्या. काटा शून्यावर. त्यानं हात जोडले आणि मला नट आवळायचे दोन पाने आणि सल्ला दिला. पाने मी घेतले.

पाडव्याचं ओवाळणं छान झालं. मी पाटावर ताठ बसलो होतो. मालननं ओवाळलं, कुंकू लावलं, आणि माझ्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाली, "आता विठू घरी पोचला असंल." हाच तो पाडवा, ज्याच्यासाठी मी एसटी सोडली होती.

भाऊबीजेला पहाटे पाचला निघालो. मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट घेऊन मालन शेजारी बसली. नवं हिरवं पातळ, केसांत अबोलीचा वळेसर. काट्यालाही तिनं एक फूल खोचलं होतं. गाडी उत्तम चालली होती, पण मला ते दिसतच नव्हतं. माझे डोळे काट्यावर, काटा शून्यावर.

निवळीच्या घाटात मी थांबलो. बॉनेट उघडून सगळीकडं हात लावून बघितला. (बोट भाजलं, तेवढंच कळलं.) संगमेश्वरला थांबलो. तिथल्या मेकॅनिकनं दीड तास घेऊन पेट्रोलची नळी साफ केली. चिपळूणला दुसऱ्यानं ती पहिल्यानं उलटी बसवलीय म्हणून पुन्हा बसवली. परशुरामचा घाट मी अशा बेतानं चढवला की एक बैलगाडी आमच्या पुढं निघून गेली. खेडात पोचायला साडेअकरा वाजले.  दर मैलाच्या दगडाशी मालनचे ओठ हलायचे. मला आधी वाटलं, जप करतेय. ती उरलेलं अंतर मोजत होती.

दापोली सोडून आसूदच्या पोफळीच्या बागांत उतरलो तेव्हा एक वाजला होता. हर्णै तिथून दीड-दोन कोस. तेवढ्यात रस्त्याच्या सपाटीवर गाडीनं एक उचकी दिली. उचकीच ती, माणसालाही लागते. पण मी गाडी बंद केली.

"का ओ थांबलात?" मालननं विचारलं.

"नळीत हवा अडकलीय. पाच मिनिटं."

पंपाला हातानं मारायची एक छोटी दांडी असते. मी बाहेर वाकून दांडी मारायची आणि मालननं आत बसून काटा बघायचा, असं ठरलं. काट्याला वीज लागते म्हणून चावी चालू ठेवली.

"हलला?"

"नाय."

"आता?"

"नाय ओ."

"नीट बघ! आता?"

"फुटले डोळे बघून. नाय हलत."

अशी पाच मिनिटं तासभर चालली. माझा सदरा पेट्रोलनं भिजला, कपाळाला ऑइल लागलं. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मालन उतरली होती. ताट काखेला, चपला हातात.

"कुठं चाललीस?"

"हर्णैला."

"चालत? अगं दोन वाजून गेले!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कालची एसटी होती," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मोटार आहे. मी हो म्हटलं. चूक माझीच." आणि ती वळून चालू लागली. त्या लाल रस्त्यावर, बागांच्या सावलीत, हिरवं पातळ लहान लहान होत गेलं.  सात वर्षं वाट बघितलेली बाई, आणि तिची वाट मी अडवून ठेवली होती. एका फूल खोचलेल्या तबकासाठी.

तेवढ्यात समोरच्या वळणावरून हर्णैहून सुटलेली एसटी आली.

मालन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं हात आडवा केला. ड्रायव्हरनं ब्रेक असा मारला की टपावरची कोंबड्यांची डालगी ओरडली. मी धावत सुटलो. पोचलो तेव्हा कंडक्टर दारातून वाकून समजावत होता, "बाय, ही गाडी दापोलीला चाललीय. तुम्हाला हर्णैला जायचं तर ह्या गाडीत बसून काय करताव?"

"मला बसायचं नाय," मालन म्हणाली. "भावाला उतरवायचंय."

मागच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. केस मधेच पिकलेले. "आक्का? तू हितं रस्त्यात काय करतेस गो?"

"तुझी वाट बघतेय मेल्या! सात वर्षं!"

विठू उतरला, आणि दोघं एकमेकांकडं नुसती बघत उभी राहिली. कंडक्टरनं एकदा ताटाकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. मग बसमध्ये तोंड घालून म्हणाला, "पाच मिनटं. भाऊबीज हाय."

विठूला मैलाच्या दगडावर बसवलं. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून गंगुबाई नावाची सुकी मासळी विकणारी एक म्हातारी उतरली आणि तिनं पदराचा आडोसा धरला. सगळी एसटी खिडक्यांत आली होती. मालननं ओवाळलं. कुंकू विठूच्या भुवईत गेलं. मी चार हात लांब उभा होतो, पेट्रोलच्या वासामुळं कंडक्टरनंच मला तिथं थांबवलं होतं.

"ओवाळणी आईकडं ठेवलीय," विठू म्हणाला. "मला वाटलं, तू काय येत नाहीस. गाडी का थांबली, भावोजी?"

मी त्याला काट्यापाशी नेलं. त्यानं फूल बघितलं, तबक बघितलं, आणि त्या आनंदाच्या क्षणीही कपाळाला हात लावला.

"भावोजी, ह्यो सत्तर पौंडाचा काटा. तिकडं नव्या गाड्यांत पेट्रोल पिचकारी मारल्यासारखं उडवतात. त्यांना चाळीस पौंड दाब लागतो. तुमच्या कार्बोरेटरवालीला तीन-साडेतीन पौंड बास. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर चिमूटभर हळद ठेवलीत तर काटा हलंल काय?"

"म्हणजे गाडीला काहीच झालं नव्हतं?"

"कायपण नाय."

"मग हा पाठवलास कशाला?"

"शोभेला. अंधारात आत हिरवा दिवा लागतो. बरा दिसतो." मग त्यानं चावीकडं बघितलं. "चावी चालू ठेवून किती वेळ बसलाव? बॅटरी बसली आसंल." त्यानं एकदा स्टार्टर मारून बघितला. गाडी नुसती कण्हली. त्यानं चावी बंद केली.

"भाऊबीजेला बाईमाणूस रस्त्यात टाकून जायचं काय?" ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "चला रे, धक्का मारा. मुंबईची गाडी दापोलीहून पाचला हाय, वेळ हाय."

दहाबारा गडी उतरले. मी स्टिअरिंगपाशी बसलो. विठूनं मागं उजव्या कोपऱ्याला खांदा लावला आणि मालन त्याच्या शेजारून चालू लागली, एक हात गाडीवर ठेवून. जणू तीही ढकलत होती.

गाडी हलली. आता चावी चालू करायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. एवढं मलाही येतं. मी चावीला हात लावला आणि सहज आरशात बघितलं.

मालन बोलत होती. न थांबता, विठूच्या तोंडाकडं बघत, चालता चालता. "आईचे गुडघे बघितलेस काय रे?... केस कशानं पिकले तुझे?... जेवतोस काय तिथं?" तो धापा टाकत उत्तरं देत होता आणि ती मधेच हसत होती. परसात चंद्राची कोर दिसली की तिच्या चेहऱ्यावर यायचं ते सगळं तिथं होतं, आणि त्याहून पुष्कळ जास्त. गाडी सुरू झाली की हे संपणार. तो एसटीत चढणार आणि पुन्हा किती वर्षं कुणास ठाऊक.

मी चावीवरचा हात काढून घेतला.

अर्धा फर्लांग झाला. "सोडा क्लच!" ड्रायव्हर ओरडला. मी सोडला. गाडी ठक्‌ करून अडकली. "होत नाही!" मी ओरडलो. "अजून थोडं!" पुन्हा धक्का. पुन्हा अर्धा फर्लांग. "अहो साहेब, गिअर टाकताव ना?" "टाकतोय!" गडी घामाघूम झाले. दोघे शिव्या देत बाजूला बसले. विठू मात्र रेटत होता आणि मालन शेजारून चालत होती. आसूदची सपाटी संपत आली तेव्हा वीस मिनिटं झाली होती. आयुष्यात मी इतका मन लावून कुठलंच काम केलेलं नाही.

शेवटी विठूच धापा टाकत खिडकीशी आला. त्यानं आत बघितलं. चावीकडं बघितलं. "भावोजी," तो हळूच म्हणाला, "चावी तर फिरवा."

त्यानं सगळ्यांदेखत हात आत घालून चावी फिरवली, आणि पुढच्या धक्क्याला गाडी चालू झाली. मागं धक्का मारणाऱ्यांत जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. कंडक्टर रस्त्यावरच बसला. गंगुबाई म्हणाली, "बाय गो, नवरा शिकलेला दिसतोय."

मग एसटी गेली. खिडकीतून हलणारा हात वळणाआड जाईपर्यंत मालन उभी राहिली, आणि नंतरही राहिली. मी इंजिन चालू ठेवून बसलो होतो. तिला चल म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

त्या संध्याकाळी आंजर्ल्यात मालननं आपल्या आईला, म्हणजे यमुनाबाईंना, चावीची गोष्ट सांगितली. यमुनाबाईंनी ती शेजारी सांगितली. आठ दिवसांत ती दापोली तालुकाभर झाली, आणि शिमग्यापर्यंत रत्नागिरीत माझ्या कचेरीत पोचली. शिपाईसुद्धा फाईल देताना "साहेब, चावी हाय ना?" असं विचारू लागला. मी सही करून फाईल परत द्यायचो. बोलणार काय? ज्या गोष्टीचा मला आयुष्यात एकदाच अभिमान वाटला, तिच्यावर सगळा जिल्हा हसत होता.

पण चैत्रात एका दुपारी मला राहवलं नाही. मालन ओटीवर कोकमं वाळत घालत होती. मी जवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. आरसा, तिचं हसणं, आणि मी मुद्दाम न फिरवलेली चावी.

तिनं मान वर केली. आणि काय सांगू, तिनं माझ्याकडं असं बघितलं, अगदी तसं, ज्याची मी चौदा वर्षं वाट बघत होतो.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "आरशात तुम्ही मला बघत होताव, तशी मीपण तुम्हाला बघत होते. हात काढून घेतलाव ते दिसलं मला."

 "मग गावभर तसं सांगायचं सोडून मला मूर्ख का ठरवलंस?"

"सांगितलं की पहिल्याच दिवशी," मालन कोकमं पसरत म्हणाली. "आईला सांगितलं, विठूला पत्रातनं लिवलं, शेजारी चार घरी सांगितलं. कुणाला म्हंजे कुणाला खरं वाटलं नाय. मग म्हटलं जाऊ दे, जे शोभतंय तेच सांगूया."